नंबर तोच

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या जळगावातल्या आमच्या गल्लीत एकच फोन होता आणि तो आमच्या घरी होता. नावावर नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या. वापरायची मात्र सगळी गल्ली. आणि फोन वाजला की ओट्यावर जाऊन गळा फाडायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, स्वतःला बरीच शहाणी समजत होते, आणि भर दुपारी 'ओ भाऊ, तुमचा फोऽऽन' असं ओरडताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लोक आमचा नंबर स्वतःचाच असल्यासारखा देत सुटायचे. लग्नपत्रिकेत, दुकानाच्या पावतीवर, मुलाच्या नोकरीच्या अर्जात. पुढे कंसात 'पी.पी.' लिहिलं की झालं. त्या दोन अक्षरांचा खरा अर्थ गल्लीत कोणाला ठाऊक नव्हता. शेजाऱ्यांकडे फोन आहे, ते बोलावून देतात, एवढं त्यातून जगाला कळायचं. 'ते' म्हणजे मी.

या बोलावण्याची एक ठरलेली रीत होती. बाहेरगावचा फोन आला की नाव ऐकायचं, 'पाच मिनिटांनी कर, बोलावते' म्हणायचं आणि लगेच ठेवून द्यायचं. तिकडे एस.टी.डी. बूथवर मीटर पळत असायचं, म्हणून इकडे एक शब्दही जास्तीचा बोलायचा नाही. काय काम आहे, सगळं ठीक ना, असलं काही विचारायचं नाही. ज्याचा फोन त्याने येऊन ऐकावं. पाच मिनिटांत माणूस चपला न घालताच धावत यायचं, धापा टाकत फोनसमोर बसायचं, आणि पुन्हा घंटी वाजली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की झोपेतून उठवून कोणी रिसीव्हर हातात दिला असता तरी मी 'पाच मिनिटांनी कर' हेच म्हटलं असतं.

समोरच्या घरात अक्का राहायची. डाळमिलमध्ये कामाला जाणारी विधवा बाई, आणि तिची एकुलती एक मुलगी. ती मुलगी माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली. बारावीला मी पास झाले आणि ती राहिली. मी कॉलेजात गेले, तिचं लग्न लावून दिलं. शिंदखेड्यापासून थोड्या अंतरावरच्या खेड्यात, कापूसवाल्यांच्या घरी. घर खातंपितं होतं. माणूस तापट निघाला. हे कोणी उघड बोलत नसे, पण फोन आमच्या बैठकीत होता आणि अक्काचं बोलणं भिंतींनाही ऐकू जायचं.

"दम धर माय," ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून म्हणायची, "आखाजीले मामा यी तुले लेवाले."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. येतात म्हणजे आणल्या जातात. भाऊ नाहीतर मामा मुराळी होऊन सासरी जातो, पाहुणचार घेतो आणि तिला घेऊन येतो. आपली आपण पिशवी उचलून आलेल्या लेकीकडे गल्ली वेगळ्या नजरेने बघते. भांडून आली, टाकून दिली, काय केलं असेल हिने, हे सगळं ती दाराशी पोचण्याआधी सुरू होतं. म्हणून लेकी वाट बघतात. माझ्या मैत्रिणीला वाट बघताना आईचा आवाज ऐकायला एकच मार्ग होता. दर आठवड्याला सासूबरोबर शिंदखेड्याच्या बाजाराला यायचं, सासू भाजीत गुंतली की बूथवर जायचं आणि आमचा नंबर फिरवायचा. चिठ्ठी घरात आधी दीर वाचायचा, मग सासरा, मग तिच्या हातात पडायची. त्या घरातून बाहेर पडणारी एकच वाट तिच्यापाशी होती, आणि ती आमच्या काळ्या फोनपाशी येऊन संपत होती.

अशात नानांनी महामार्गापलीकडच्या नव्या कॉलनीत घर बांधलं. मला आनंदाचं भरतं आलं. स्वतःची खोली, गच्ची, आणि गळा फाडण्यातून सुटका.

गल्लीचे चार जण नानांकडे आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. फोन इथेच ठेवा, तिकडे नवा घ्या. नाना हसले. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. चोपडा, एरंडोल, कुठे कुठे विहिरीवरच्या खोल्यांच्या भिंतींवर त्यांनी स्वतः फिरून तो नंबर गेरूने लिहिला होता. मोटार जळाली की शेतकरी भिंतीकडे बघायचा आणि फोन करायचा.

"नव्या फोनसाठी यादीत नाव लावलं तर माझ्या नातवंडांच्या लग्नाला फोन मिळेल," नाना म्हणाले. "आणि मिळाला तरी त्या भिंती परत कोण रंगवणार?"

मग महिनाभर नानांनी टेलिफोन ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. नंबर बदलणार की राहणार, या एकाच गोष्टीची त्यांना रात्रंदिवस काळजी. शेवटी तिथल्या साहेबांनी सांगितलं, एक्स्चेंज एकच आहे, नंबर तोच राहील. त्या दिवशी नाना पेढे घेऊन घरी आले. नव्या घरात पहिल्यांदा घंटी वाजली तेव्हा आईने फोनला हळदकुंकू वाहिलं. नाना भेटेल त्याला सांगत सुटले, "नंबर तोच आहे. काही बदललं नाही."

गल्लीतल्या लोकांना त्यांनी हेच सांगितलं, आणि अक्काने सांगितलं म्हणून मी कार्डावर मैत्रिणीलाही हेच लिहून टाकलं. आम्ही घर बदललं, नंबर तोच आहे, काळजी करू नको. कार्ड उघडंच असतं, सगळ्यांनी वाचलं तरी हरकत नव्हती.

गल्लीने महिनाभर कुरकुर केली आणि मग एकेकाने दुसरी सोय लावून घेतली. पलीकडच्या चौकात एक बूथ निघाला होता, त्याचा नंबर लोकांनी आपापल्या माणसांना कळवला. अक्काला ते जमण्यासारखं नव्हतं. नवा नंबर सासरी पोचवायचा तर तो चिठ्ठीतूनच जाणार, आणि असा वेगळा नंबर कशाला म्हणून तिथे दहा प्रश्न उठणार. आमचा नंबर मुलीला तोंडपाठ होता. तेव्हा अक्काने स्वतःच यायचं ठरवलं. शिंदखेड्याच्या बाजाराच्या दिवशी ती मिलमधून अर्धी रजा काढायची, आमच्या घरापर्यंत चालत यायची, अकराच्या सुमारास फोनसमोर जमिनीवर बसायची आणि घंटीची वाट बघायची. येताना बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची पुरचुंडी आणायची, रिकाम्या हाताने कधी आली नाही.

मला तिचा कंटाळा यायचा. खोटं कशाला बोलू? नवी बैठक, नवे पडदे, कॉलनीतल्या नव्या ओळखीच्या बायका यायच्या, आणि मधोमध अक्का डाळीच्या धुळीने पांढरे झालेले पाय पोटाशी घेऊन बसलेली. एकदा मी आईला स्वयंपाकघरात म्हटलं, "दर आठवड्याला काय असतं गं एवढं बोलायला?" मला वाटलं, हळू बोलले. पुढच्या वेळी अक्का आत आलीच नाही. बाहेर ओट्यावर बसली.

आईने बोलावलं तर म्हणाली, "नही वं बाई, मी आठेच बसस. वारं शे."

वारं कसलं, चैत्रातलं ऊन होतं. मला लाज वाटली, पण इतकी नाही की उठून तिचा हात धरून तिला आत आणावं.

तो फोन आला तो बाजाराचा दिवस नव्हता. दुपारचा एक वाजला असेल. आई धुळ्याला मावशीकडे गेली होती, नाना दुकानात. मी अर्थशास्त्राचं पुस्तक पोटावर ठेवून लोळत होते. घंटी वाजली, उचललं.

"मी बोलतेय," पलीकडून आवाज आला. "माय आहे का?"

मी म्हटलं, "पाच मिनिटांनी कर, बोलावते." आणि ठेवून दिलं.

ठेवलं आणि ओट्यावर गेले. अक्काला हाक मारायला तोंड उघडलं. समोर गिलावा न केलेली भिंत होती, वाळूचा ढीग होता आणि त्यावर एक कुत्रं झोपलं होतं. अक्का शहराच्या दुसऱ्या टोकाला डाळमिलमध्ये होती.

मला स्वतःचा इतका संताप आला की मी कपाळावर हात मारून घेतला. मग मनाला समजावलं, पाच मिनिटांनी ती करेलच, तेव्हा सांगू की दोन तासांनी कर, मी अक्काला घेऊन येते. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी फोनसमोर अक्काच्याच जागेवर जमिनीवर बसले होते. तिचा आवाज आठवत होते. रडत होती का? नव्हती बहुतेक. घाईत होती का? दोन वाक्यांत काय कळणार! मी काही विचारलंच नव्हतं. नेहमीसारखं.

पंधरा-वीस मिनिटं झाली तशी मला वाटलं, लाईन मिळत नसेल. तेव्हा तसं व्हायचंच, दहादा फिरवलं तर एकदा लागायचं. किंवा सासू सोबत असेल, निघून गेली असेल. मनाच्या एका कोपऱ्यात हेही होतं की काय विशेष असणार, असेल नेहमीचंच रडगाणं. पण बाजाराचा दिवस नसताना ती शिंदखेड्यात काय करत होती, हा प्रश्न काही केल्या जाईना. मी घराला कुलूप लावलं, सायकल काढली आणि डाळमिलकडे निघाले.

अक्का चाळणीपाशी बसली होती. मला बघताच उभी राहिली. तिने काय झालं असं विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "रडे का ती?"

"नाही अक्का, साधं बोलली. तुम्ही आहात का, एवढंच विचारलं."

"मंग तू काय सांगं?"

"पाच मिनिटांनी कर म्हटलं."

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि मुकादमाला न सांगताच माझ्या सायकलच्या मागे येऊन बसली. पन्नाशीची बाई, आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर बसत असावी. माझी ओढणी, तिचं लुगडं, उन्हातला चढ, मागून गाड्यांचे हॉर्न.

घरी आलो. मी कुलूप काढलं, अक्का आत जाऊन फोनसमोर बसली. मी सायकल लावत होते तेवढ्यात शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "अहो, तुमचा फोन किती वेळ वाजत होता! थांबायचा आणि परत वाजायचा. तीन-चारदा तरी झालं. कुठे गेला होता?"

मी केव्हा म्हणून विचारलं. "तुम्ही बाहेर पडलात आणि लगेचच," त्या म्हणाल्या.

मी हे अक्काला सांगितलं नाही. आत गेले, तिला पाणी दिलं, पंखा लावला. ती संध्याकाळपर्यंत बसली. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा नानांच्या गिऱ्हाइकांचा. दोन्ही वेळा ती अर्धी उठली आणि बसली. दिवेलागणीला म्हणाली, "जास मी. बाजारना दिवशी करी ती." मी कोपऱ्यापर्यंत सोबत गेले. ओठांवर शब्द आले होते की ती परत परत करत होती, अक्का. पण माझ्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच.

बाजाराच्या दिवशी फोन आला. मी अक्काला हाताला धरून आत बसवलं होतं. अक्काने विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? तिकडून काहीतरी उत्तर आलं आणि अक्काच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "सहज करेल व्हता म्हने," तिने फोन ठेवून मला सांगितलं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिला जेवायला थांबवून घेतलं. पुढच्या बाजाराला फोन आला नाही. त्याच्या पुढच्या बाजारालाही नाही. अक्का येत राहिली, बसून परत जात राहिली, आणि तेवढ्यात आखाजी आली.

एरंडोलचा तिचा मामा मुराळी होऊन गेला आणि तिला घेऊन आला. मी संध्याकाळी जुन्या गल्लीत गेले. निंबाला झोका बांधला होता, सासरहून आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. माझी मैत्रीण अक्काच्या ओट्यावर बसली होती. अंगावर नवी साडी, हातभर बांगड्या. वाळली होती. मी तिच्या डाव्या बाजूला बसले तशी ती उठली आणि माझ्या पलीकडे जाऊन बसली, उजवा कान माझ्याकडे येईल अशी.

"याच्यातून ऐकू येत नाही आता," ती डाव्या कानाला हात लावून म्हणाली. मायला सांगू नको, असंही म्हणाली. मी विचारलं, कधीपासून? "त्याच दिवसापासून. घरी पोचायला उशीर झाला ना मला."

मग तिने सगळं सांगितलं, आदल्या दिवशीचा स्वयंपाक सांगावा इतक्या साध्या आवाजात. घरचे सगळे लग्नाला गेले होते. ती दोन साड्या पिशवीत घालून निघाली होती. शिंदखेड्याला स्टेशनाजवळच्या बूथवर आली होती. जळगाववरून भुसावळला जाणारी पॅसेंजर यायची होती. तिला मायला एवढंच विचारायचं होतं की येऊ का. कोणी न्यायला आलेलं नसताना येणार, गल्ली काय म्हणेल ते माहीत होतं, पण मायने एकदा हो म्हटलं असतं तर बाकीचं तिने निभावलं असतं.

"पाच मिनिटांनी लावला. लागेना. मग लागला, रिंग जाऊ लागली. कोणी उचलेना. परत लावला, परत तेच. मला वाटलं, माय येऊन उभी असंल फोनपाशी आणि उचलत नसंल. तिला कळलं असंल मी काय विचारनार ते."

"अगं, आम्ही इथे राहत नव्हतो तेव्हा!" मी जवळजवळ ओरडले. "माय तिकडे मिलमध्ये होती. मी तिला आणायला गेले होते, घराला कुलूप होतं. मी तुला कार्डात लिहिलं नव्हतं का?"

"लिहिलं होतं. माहीत होतं मला." ती झोक्याकडे बघत होती. "पन नंबर तोच ना. फिरवला की मला आपली गल्लीच दिसे. तुमची बैठक, समोर आमचं दार. आणि तू बी बोलली ना, बोलावते म्हणून."

मी तिचा हात धरला. माझं चुकलं, असं काहीतरी म्हटलं. एकदा नव्हे, चार-पाच वेळा म्हटलं. कुलपाचं म्हटलं, सायकलचं म्हटलं, लवकर निघायला हवं होतं नाहीतर निघायलाच नको होतं, असं सगळं म्हटलं. तिने ते ऐकून घेतलं.

"कुलपाचं काय," ती म्हणाली. "पयल्यांदा तर तूच उचलला होता. मायच पाहिजे होती असं नाही. तू 'ये' म्हटली असती ना, तरी मी आली असती."

गाडीला तेव्हा अजून चाळीस मिनिटं होती, हेही तिने सांगितलं. तिकीट काढलेलं होतं.